चार फूट उंचीचं घर

परळच्या या चाळीतल्या खोलीत, खिडकीलगत ठेवलेल्या काचेच्या टाकीत येमेनी शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्याचा एक पूर्ण वाढलेला नर बसलेला आहे. त्याचा एक डोळा खिडकीकडे, तर दुसरा काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे वळलेला दिसतो. हा एकट्याने राहणारा प्राणी आहे. समोरची आकृती त्याला हद्दीत शिरलेला दुसरा नर वाटते आणि त्याच्या अंगावरचा हिरवा रंग काळवंडू लागतो. ही टाकी मुळात माशांसाठी बनवलेली आहे. तिच्यातली हवा कोंडते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात, जेव्हा भिंतींनाही ओल येते, तेव्हा तो कोंडमारा अधिकच वाढतो.

त्याचं नवं घर खालच्या वर्कशॉपमध्ये आकार घेत आहे. तळ दोन फूट बाय दोन फूट आणि उंची चार फूट. झाडावर राहणाऱ्या या जिवाला लांबीपेक्षा उंची हवी असते, त्यामुळे सर्व मापं उंचीपासून ठरवली आहेत. कारागीर अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर पावडर कोटिंग केलेली जाळी ताणून बसवत आहेत. नायलॉनची जाळी स्वस्त पडली असती; पण खाद्य म्हणून सोडलेले रातकिडे ती कुरतडतात. जाळीची प्रत्येक कापलेली कड पट्टीखाली दाबली जाते आहे, कारण तिथे नखं अडकू शकतात.

आता फांद्या. काही पेन्सिलीएवढ्या, काही अंगठ्याएवढ्या जाडीच्या, काही आडव्या, काही तिरक्या. दोन गटांत जुळलेल्या बोटांचा त्याचा पाय चिमट्यासारखा फांदी पकडतो, हे इथे जवळून दिसतं. भोवती मनी प्लांट आणि जास्वंदीच्या कुंड्या ठेवल्या आहेत. जास्वंदीची पानं तो खातोही. वाटीतल्या स्थिर पाण्याकडे हा प्राणी सहसा वळत नाही, म्हणून वर टांगलेल्या बाटलीतून सलाईनच्या नळीने पानांवर थेंब थेंब पाणी सोडलं आहे, आणि सांडलेलं पाणी खालच्या ट्रेमध्ये जमा होतं.

पिंजऱ्याच्या छतावर, जाळीच्या बाहेरून, दोन दिवे आहेत: एक उबेसाठी आणि दुसरी उन्हात असतात तसे अतिनील-बी (UVB) किरण देणारी लांब नळी. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे नुसतं खिडकीत ठेवून भागत नाही. त्यांच्याअभावी हाडं मऊ होऊन वाकतात. परदेशी शॅमेलिऑन पाळणाऱ्याने वन विभागाकडे नोंदणी करणं बंधनकारक आहे, आणि आपल्या रानातला भारतीय शॅमेलिऑन घरात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

पिंजरा कपाटाच्या उंचीवर ठेवला आहे, कारण माणसं वरून डोकावली की हा प्राणी घाबरतो. दार उघडलं आहे. टाकीतून काढलेली फांदी, तो तिच्यावर असतानाच, आत टेकवली आहे. पहिलं पाऊल जास्वंदीवर पडतं, शेपूट मागच्या काठीला वेटोळं घालते, आणि तो वर चढू लागतो.