गिटारवाला आला नाही, त्याचा ॲम्प आला

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं बेस गिटारबद्दल आहे, आणि त्यातही अशा बँडबद्दल, जिथे गिटारवादकच नाही. ड्रम आहेत, गाणारी आहे, फार तर एखादा कीबोर्ड आहे, आणि बेस. अशा बँडमधल्या बेसवाल्याला एकच तक्रार ऐकावी लागते: आवाज भरत नाही, पोकळ वाटतं. मग तो आवाज वाढवतो. तरी पोकळ. मग ॲम्पवरचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीवरचा, बेसचा (खालच्या आवाजाचा) नॉब उजवीकडे पिळतो. आता खिडकीची तावदानं थरथरायला लागतात, पण गाणं पोकळ ते पोकळच.

का होतं असं? अहो, गिटार गेली म्हणून खालचा आवाज थोडाच गेला? खाली तुम्ही होतातच. गेला तो मधला आवाज. बेसची सर्वात जाड तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झचा सूर निघतो. गिटारची जाड तार त्याच्या बरोबर एक सप्तक वर, ८२ हर्ट्झला. पण गिटारचा तो भरदार, खरखरीत पसारा दोन-तीनशे हर्ट्झपासून थेट चार-पाच हजारांपर्यंत असतो. भोक तिथे पडलंय. भिंतीला भोक मधोमध, आणि आपण माती टाकतोय पायाशी. तेव्हा आधी एवढं लक्षात ठेवा: भोक मध्ये आहे, तळाला नाही.

एक गंमत सांगतो. तुमच्यापैकी जे आत्ता छोट्या स्पीकरवर ऐकताहेत, त्यांच्या त्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ जवळजवळ बाहेर पडतच नाही. तरी गाणं लागलं की त्यातला बेस कळतो की नाही? कारण त्या सुराचे वरचे उपस्वर, ८२, १२४, १६५, असे चढत जाणारे, ते पोचतात, आणि खालचा मूळ सूर आपला कान स्वतःच जोडून घेतो. तंबोरा लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, तो कुणी छेडलेला नसतो. डिस्टॉर्शनचं पेडल, म्हणजे आवाज खरखरीत करणारा पायाने दाबायचा डबा, विजेच्या जोरावर साधारण तेच करतं, जरा रांगडेपणाने. उपस्वर वाढवतं. अडचण एवढीच, की गिटारसाठी बनवलेली बरीचशी पेडल्स हे करताना बेसचा तळ खाऊन टाकतात. म्हणून तळ वेगळा ठेवायचा आणि खरखर वेगळी. तळ स्वच्छ, मधला भाग खरखरीत.

हे मला शिकवलं एका साऊंडवाल्या काकांनी. ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, वेळ गेला तरी चालेल.

त्या दिवशी संध्याकाळी आमचा कार्यक्रम, आणि दुपारी निरोप आला की गिटारवादक तापाने आडवा झालाय. त्याचा ॲम्प मात्र आदल्या दिवशीच सामानाबरोबर येऊन पडला होता. आम्ही तिघं उरलो: ड्रमवाला, गाणारी आणि मी. मी म्हटलं, काळजी नको, मी भरून काढतो. पेडल लावलं, सगळे नॉब शेवटाला नेले आणि जाड तारेवर जोरात हात मारला. श्रोतेहो, तो आवाज म्हणजे चिखलातून ओढत नेलेलं कपाट! कुठला सूर चाललाय, मलाच कळेना. गाणारी म्हणाली, "मी षड्ज कुठून घेऊ?"

काका मागच्या टेबलावरून उठून हळूहळू स्टेजवर आले. साऊंडवाल्यांची नावं जाहिरातीत कधी छापत नाहीत, हा अन्याय आहे असं मी गेली कित्येक वर्षं म्हणतोय, कुणी ऐकत नाही. असो. काकांनी माझ्या ॲम्पकडे पाहिलं, गिटारवाल्याच्या बंद ॲम्पकडे पाहिलं आणि विचारलं, "हा कशाला झोपवून ठेवलाय?"

म्हटलं, "काका, तो गिटारचा आहे. बेस लावला तर स्पीकर फाटेल."

"खालचं कापून दिलं तर कसा फाटेल?"

त्यांनी पेटीतून एक छोटा डबा काढला. एक वायर आत, दोन बाहेर. एक वाट सरळ माझ्या बेसच्या ॲम्पला, पेडल नाही, काही नाही. दुसरी पेडलमधून गिटारच्या ॲम्पला. आणि त्या ॲम्पवरचा बेसचा नॉब त्यांनी सरळ शून्यावर नेला. दोन ॲम्प एका बेसला जोडले की अर्थिंगची भुणभुण येते. पण त्या डब्यात ट्रान्सफॉर्मर होता, त्यामुळे ती आली नाही. भुणभुण घालवायला काही शहाणे प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात. तसलं काही करू नका, तो जिवाशी खेळ आहे.

मग मी वाजवलं. नुसता बेसचा ॲम्प: गोल, छान. नुसता गिटारचा ॲम्प: करकरीत, छान. दोन्ही एकदम लावले, आणि आवाज बारीक झाला! एकापेक्षा दोन ॲम्पचा आवाज कमी. दुसरा दिवा लावावा आणि खोलीत अंधार वाढावा, तसं. ड्रमवाला हसायलाच लागला. मला वाटलं, काहीतरी जळलं.

काका हसले नाहीत. म्हणाले, "उलटा आहे." त्यांनी गिटारचा ॲम्प बंद केला, भिंतीतून वायर काढली आणि मागच्या उघड्या बाजूने हात आत घातला. स्पीकरच्या पाठीवर दोन चिमट्यांसारखे क्लिप असतात. तेल लागल्यासारखी काळी बोटं होती त्यांची, पण दोन क्लिप ओढून त्यांची अदलाबदल करायला त्यांना तेवढा वेळही लागला नाही, जेवढा मला सांगायला लागतोय. झालं होतं असं, की एक स्पीकर हवा पुढे ढकलायचा त्याच क्षणी दुसरा मागे ओढायचा. दोघं एकमेकांचं खोडत होते.

ॲम्प पुन्हा चालू केला. मी तीच तार, तेवढ्याच जोरात छेडली. ड्रमवाल्याचं हसू थांबलं. खाली जमीन होती, वर खरखर होती, आणि मध्ये भोक नव्हतं. गाणारीने काही न विचारता षड्ज घेतला.

कार्यक्रम चांगला झाला. अंगात ताप घेऊन गिटारवादक शेवटच्या दोन गाण्यांना येऊन मागे उभा होता, हे आम्हाला नंतर कळलं. तो स्टेजवर आला. आम्हाला वाटलं, कौतुक करेल. त्याने आधी स्वतःच्या ॲम्पकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझा बेसचा नॉब शून्यावर कोणी नेला?" आठवडाभर बोलला नाही. क्लिपांचं आम्ही त्याला अजून सांगितलेलं नाही.

आता वेळ थोडा उरलाय, तेव्हा भराभर सांगतो. दोन ॲम्प नसतील तर असं पेडल घ्या, ज्यावर स्वच्छ आवाज मिसळायचा नॉब असतो. काम तेच. एक पेडल पुरतं. पायाशी पेडलांचं दुकान मांडणाऱ्यांना त्यातली निम्मी अंधारात सापडत नाहीत, आणि त्यात काळा चष्मा घालून वाजवायचा सोस असला तर बघायलाच नको.

बोटांचंही थोडं. जाड तारांवर खालीच सा आणि प एकत्र वाजवलात तर गढूळ होतं. ते वरच्या फ्रेट्सवर (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांवर) न्या, पेडल चालू ठेवून. पेडल बंद असेल तेव्हा खालचा सा आणि वरच्या सप्तकातला ग घ्या. जाड तारेवर तिसरा फ्रेट, सर्वात बारीक तारेवर चौथा. झाला शुद्ध गंधार. कोमल हवा असेल तर दोन्हीकडे तिसराच. दोनच सूर, पण कीबोर्डवाला असल्याचा भास होतो. तारा नव्या आणि प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची पत्ती, ब्रिजच्या (तारा टेकतात त्या घोडीच्या) जवळ ठेवलात तर मधला भाग आणखी उघडतो.

हे सगळं करणारे नामवंत बँड आहेत. रॉयल ब्लड ऐका, त्यांचा पहिला अल्बम २०१४चा. बेस आणि ड्रम, दोनच माणसं. माईक केरचा बेस ऐकताना गिटार कुठे लपलीय असं वाटत राहतं. दुसरी तऱ्हा मॉर्फीनची. मार्क सँडमन दोन तारांचा बेस स्लाईडने, म्हणजे तारेवर सरकवायच्या नळीने, वाजवायचा, आणि मधली जागा बॅरिटोन सॅक्सोफोन घ्यायचा. माझं मत विचाराल तर मला दुसरी तऱ्हा जास्त आवडते, कारण तिथे थोडी मोकळी जागा मोकळीच सोडलेली असते. ड्रमवाल्यांनो, ती जागा झांजांनी भरायची घाई करू नका. गाणारीचा आवाजही तिथेच राहतो.

आणि एक करा. पुढच्या तालमीत फोन खोलीच्या पार मागच्या कोपऱ्यात ठेवून रेकॉर्ड करा, आणि घरी गेल्यावर फोनच्याच स्पीकरवर ऐका. त्यात बेस हरवला असेल तर मिडचा, म्हणजे मधल्या आवाजाचा, नॉब वाढवा, तळाचा नको. नमस्कार.