कोल्हापुरीला जीआय आहे ना, मग प्राडावर केस का नाही झाली?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली हाच प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आज फक्त त्यावरच बोलतो.

बेसिक पटकन. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, ठरावीक भागातल्या वस्तूच्या नावाला मिळणारं कायदेशीर संरक्षण, आणि प्राडा म्हणजे इटलीचा महागडा फॅशन ब्रँड. शाहू महाराजांनी कोल्हापुरी चपलेच्या धंद्याला आधार दिला, सत्तरच्या दशकात हिप्पींच्या पायातून ही चप्पल परदेशी फॅशनमध्ये शिरली, आणि जून २०२५ ला मिलानच्या शोमध्ये प्राडाने सेम तशीच दाखवली, कोल्हापूरचा उल्लेखसुद्धा नाही. बोंब झाली तेव्हा प्रेरणा भारतातल्या पारंपरिक चपलेची होती हे मान्य केलं. हे तुम्हाला माहितीये, पुढे जाऊ.

आता नीट ऐका. जीआय नावाला मिळतो, डिझाइनला नाही. प्राडाने तिला नुसतं लेदर सँडल म्हटलं, कोल्हापुरी म्हटलंच नाही, मग जीआय मोडला कुठे?

उलट बाजूने बघा. स्टेशनबाहेर रेक्झिनचा पट्टा, खाली रबर, आणि वर पाटी ‘अस्सल कोल्हापुरी’! मोडला तो इथे. मला एकाने अशीच गळ्यात मारायला बघितली होती, आणि याच्यावर कोणी ट्रेंड चालवत नाही याचा मला खरंच राग येतो.

अजून एक, आपली नोंदणी भारतातली, ती इटलीत चालत नाही. आणि इथेसुद्धा नोंद ज्यांच्या नावावर, दावा त्यांनी करायचा, म्हणून तर प्राडाविरुद्ध दुसऱ्यांनी केलेली जनहित याचिका मुंबई हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. नोंद आहे लिडकॉम आणि लिडकर या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांकडे, एक महाराष्ट्राचं, एक कर्नाटकचं.

‘कर्नाटकचा काय संबंध’ लिहिणाऱ्यांनो, जीआयमध्ये आठ जिल्हे आहेत, चार इकडचे चार तिकडचे. अथणी, निपाणीत घरंच्या घरं पिढ्यानपिढ्या हेच करतात, बायका चपलेच्या चामड्याच्या वेण्या विणतात, आणि नाव मात्र कोल्हापूरचं होतं.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने याच दोन महामंडळांशी करार केला, २००० जोड इथेच बनवायचे ठरले, किंमत साधारण ८०० युरो. चांगलंय, पण त्यातले कारागिराच्या हातात किती पडतात हे आपण विचारत राहायचं.

आणि तुम्ही घेताना चप्पल उलटी करा. तळाला चामड्याच्या वादीची शिवण दिसली पाहिजे, खिळा नको. मग दुकानदाराला विचारा, चामडं कुठलं, बनवली कोणी. सांगता आलं नाही तर सरळ पुढच्या दुकानात जा.