मीटर 5 अँपिअरचा, बॅटरी 60 युनिटची

(दृश्य : सकाळचे सहा. भाताच्या खाचरांमधून जाणारा काँक्रीटचा अरुंद रस्ता. कडेला किराणा दुकान.)

ईशान्य थायलंड. इथली माणसं या भागाला ईसान म्हणतात. 20 प्रांत, देशाची साधारण एक तृतीयांश जमीन आणि तेवढीच लोकसंख्या. जगभर जाणारा सुवासिक जास्मिन तांदूळ याच मैदानांतून येतो, आणि बँकॉकच्या टॅक्स्या चालवणारे, इमारती बांधणारे, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत राबणारे असंख्य हात याच गावांतले.

दुकानासमोरची ही लाकडी मांडणी पाहा. काचेच्या बाटल्यांत पेट्रोल भरून ठेवलंय. शेजारी नाणी टाकून पेट्रोल घ्यायचं यंत्रही आहे. शाळेत निघालेली मुलगी मोटारसायकल थांबवते, चार नाणी टाकते, नळी टाकीत धरते आणि निघून जाते. पेट्रोल पंप किती किलोमीटरवर आहे, याचा विचार या गावात कुणी करत नाही. तो प्रश्न दुकानदाराने केव्हाच सोडवलाय.

मग विजेच्या गाडीचं काय? बँकॉकमध्ये बसून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. खेड्यात चार्जिंग स्टेशन कुठंय, तिकडे ईव्ही कशी चालेल? मला हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलेला वाटतो.

(दृश्य : खांबांवर उभं लाकडी घर. खालच्या मोकळ्या जागेत माग, झोळी, कोंबड्या, एक पिकअप.)

ईसानचं जुनं घर खांबांवर उभं असतं. खालच्या सावलीत दिवसभराचा संसार चालतो आणि रात्री गाडी तिथेच लागते. म्हणजे गाडी घराच्या दाराशी, छपराखाली, विजेच्या बोर्डापासून चार हातांवर. बँकॉकच्या उंच इमारतीत विसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला हे सुख नाही. त्याची गाडी तळघरात, तिथे प्लग नाही, आणि सोसायटीने परवानगी दिली तरच चार्जर. घरी गाडी चार्ज करण्याच्या बाबतीत खेडं शहराच्या पुढे आहे.

वीजही आहे, आणि ती आपोआप आलेली नाही. बँकॉक आणि शेजारचे दोन प्रांत सोडून उरलेल्या 74 प्रांतांना वीज देणारं प्रांतीय वीज प्राधिकरण, म्हणजे पीईए, 1960 मध्ये स्थापन झालं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक खेडी अंधारात होती. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळपास प्रत्येक गावात तारा पोचल्या. विकसनशील देशांतल्या ग्रामीण विद्युतीकरणाचा विषय निघाला की आजही थायलंडचं नाव आदराने घेतलं जातं.

अडचण त्या तारेच्या शेवटच्या टोकाला आहे.

(दृश्य : रस्त्याकडेचा विजेचा खांब. खांबावर काचेच्या डब्यातला गोल मीटर. कॅमेरा हळूहळू तबकडीवरच्या अक्षरांवर.)

मीटरवर लिहिलंय 5, आणि पुढे कंसात 15. म्हणजे नेहमीचा भार 5 अँपिअर, जास्तीत जास्त 15. लहान घराला मिळतो तो हा मीटर. ज्या काळात घरात दोन ट्यूबलाइट, एक पंखा आणि एक टीव्ही असायचा, त्या काळासाठी तो पुरेसा होता.

आता खांबापासून घराकडे जाणारी वायर पाहा. गावाकडे मीटर बरेचदा रस्त्यावरच्या खांबावर असतो, आणि मीटरच्या पुढची वायर घरमालकाची. घर शेताच्या आत असेल तर ही वायर झाडांना, बांबूंना बांधत लांबपर्यंत ओढलेली असते. कधीकाळी परवडली तेवढ्या जाडीची. भार वाढला की अशा वायरीत व्होल्टेज पडतं. संध्याकाळी भाताचा कुकर, पाण्याचा पंप आणि एसी एकदम लागले की दिवा मंद होतो, आणि घरातल्या सगळ्यांना ते सवयीचं असतं.

15 अँपिअर आणि 220 व्होल्ट, म्हणजे उणीपुरी 3,300 वॅट. भिंतीवर बसवायचा 7 किलोवॅटचा चार्जर एकटाच 32 अँपिअर मागतो. तो या मीटरवर चालणार नाही, आणि चालवायचा प्रयत्नही करू नये. त्यासाठी मोठा मीटर, नवी जाड वायर, वेगळा ब्रेकर आणि नीट अर्थिंग लागतं. पीईए गाडीसाठी त्याच घराला दुसरा मीटरही देते. पण वायरीचा आणि वायरमनचा खर्च मालकाचा, आणि घर रस्त्यापासून जितकं आत तितका तो जास्त.

पण थांबा. 7 किलोवॅटची खरंच गरज आहे का?

(दृश्य : रात्र. गाडीला लावलेला साधा पोर्टेबल चार्जर, त्यावरचा हिरवा दिवा.)

गाडीबरोबर येणारा साधा चार्जर 10 अँपिअर घेतो, म्हणजे 2.2 किलोवॅट. 60 युनिटची बॅटरी त्याने पूर्ण भरायची तर दिवस उलटून जाईल. पण रोज पूर्ण बॅटरी वापरतो कोण? रात्री दहा तास लावला तर 22 युनिट. थोडी वीज वाया जाते, बॅटरीत 20 धरा. लहान ईव्ही एका युनिटला सहा-सव्वासहा किलोमीटर सहज जाते. म्हणजे एका रात्रीत सव्वाशे किलोमीटर. तालुक्याच्या बाजाराला जाऊन या, मुलांना शाळेत सोडा, आजीला दवाखान्यात न्या, तरी उरतात.

खर्चाचं गणितही मांडू. घरगुती वीज सगळं धरून युनिटला साधारण 4 बाट, आणि एक बाट म्हणजे आपले अडीच ते तीन रुपये. 22 युनिटचे 88 बाट. तेवढंच अंतर लिटरला 15 किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीने काटायचं, पेट्रोल 35 बाट धरायचं, तर 290 बाट. वेळेनुसार दर लावणारा मीटर घेतला तर आठवड्याच्या दिवशी रात्री दहा ते सकाळी नऊ आणि शनिवार-रविवारी दिवसभर वीज आणखी स्वस्त पडते. म्हणून माझं ठाम मत आहे की घरात आधीच एक गाडी असलेल्या कुटुंबाला दुसरी, लहान गाडी म्हणून ईव्ही गावात आजच परवडते. फक्त त्या रात्री गाडी आणि एसी एकाच जुन्या वायरीवर एकदम लावायचे नाहीत. प्लगला हात लावून पाहायचा. तो गरम लागला तर चार्जिंग बंद, आणि आधी वायरमनला बोलवायचं.

(दृश्य : एप्रिल. मित्रफाप महामार्ग. गाड्यांची न संपणारी रांग.)

हे गणित वर्षातले बहुतेक दिवस चालतं. सोंगक्रानला ते मोडतं.

13 ते 15 एप्रिल, थाई नववर्ष. बँकॉकमध्ये काम करणारा ईसानी माणूस त्या दिवसांत आईवडिलांच्या हातांवर सुवासिक पाणी ओतायला गावी जातोच. मित्रफाप महामार्ग साराबुरीहून निघतो, मुआक लेकपासून चढ लागतो, पाक चोंग आणि लाम ताखोंगचा जलाशय ओलांडून तो कोरातच्या पठारावर येतो, आणि पुढे खोन केन, उदोन थानी करत मेकाँगकाठच्या नोंग खायला पोचतो. बँकॉक ते खोन केन साधारण 450 किलोमीटर.

बीवायडी या चिनी कंपनीच्या डॉल्फिन गाडीच्या लहान बॅटरीच्या मॉडेलची रेंज जाहिरातीत 410 किलोमीटर होती. थायलंडमध्ये हे आकडे बरेचदा एनईडीसी या जुन्या, मवाळ चाचणीचे असतात. एप्रिलमधलं चाळिशी गाठणारं ऊन, गाडीत पाच माणसं, एसी पूर्ण, समोर चढ. प्रत्यक्षात तीनशेच्या आत कुठेतरी चार्जर गाठावाच लागतो. महामार्गावरच्या पेट्रोल पंपांवर फास्ट चार्जर आहेत, आणि एरवी ते मोकळे मिळतात. सोंगक्रानला मात्र दोन-चार चार्जरसमोर रांग लागते. पुढची गाडी अर्धा तास, तिच्या पुढची आणखी अर्धा. दर घरच्या विजेच्या जवळपास दुप्पट. मुलं कंटाळतात, आजोबा झाडाखाली चटई टाकतात. तरी लोक ईव्ही घेऊन निघतात. निघणाऱ्याने एवढं करावं : पहाटे निघावं, कोरातच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा चार्ज करायची जागा आधीच हेरून ठेवावी, आणि गावच्या घरी पोचल्यावर पोर्टेबल चार्जर कुठे लावायचा ते भावाला फोन करून विचारून घ्यावं.

(दृश्य : साखर कारखान्याचं फाटक. उसाने लादलेल्या गाड्या. मागे हौदा भरलेली पिकअप.)

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ग्रामीण थायलंडची गाडी म्हणजे पिकअप. इसुझू डी-मॅक्स आणि टोयोटा हायलक्स. सकाळी त्यात खताच्या गोण्या, दुपारी कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, संध्याकाळी मजुरांची टोळी, रविवारी लग्नाचं वऱ्हाड आणि बुद्धविहारातल्या जेवणाची पातेली. गावात जो पिकअप घेतो तो चार शेजाऱ्यांचीही सोय करतो.

आणि विजेच्या गाड्यांसाठीची सरकारची मदत गेली कुठे? 2022 मध्ये सुरू झालेल्या योजनेत गाडीमागे 70 हजारांपासून दीड लाख बाटपर्यंत अनुदान मिळालं, उत्पादन शुल्क 8 टक्क्यांवरून 2 वर आलं. 2023 मध्ये देशात 70 हजारांहून जास्त ईव्हींची नोंदणी झाली. आकडे कौतुकाचे आहेत. पण त्या गाड्या बव्हंशी शहरी हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्ही होत्या. मागे हौदा असलेली ईव्ही तेव्हा जवळपास नव्हतीच. 2024 पासूनच्या पुढच्या टप्प्यात पिकअपलाही अनुदान होतं, पण घेण्यासारखी गाडी बाजारात हवी ना.

ती आता कुठे येऊ लागली आहे. इसुझूने थायलंडमध्येच विजेची डी-मॅक्स बनवली : 66.9 युनिटची बॅटरी, एक टनाच्या आसपास माल, रेंज 263 किलोमीटर. पण 2025 मध्ये ती आधी रवाना झाली नॉर्वेला. टोयोटाने पट्टायात हायलक्सची विजेवरची सोंगथेव, म्हणजे दोन बाकांची प्रवासी पिकअप, चालवून पाहिली, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या हायलक्सबरोबर विजेचं मॉडेल बाजारात आणलं. रिद्दारा ही चिनी विजेची पिकअप त्याआधीच आली होती.

263 किलोमीटर ही रेंज चाचणीतली. हौद्यात कागदोपत्री मावतो त्याहून जास्त ऊस किंवा कसावा भरून चिखलाच्या वाटेने कारखान्याला जायचं तर ती किती उरेल, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. कापणीच्या आणि ऊसतोडीच्या हंगामात पिकअप दिवसरात्र पळते. त्या आठवड्यांत रात्रीचे दहा तास चार्जिंगला मिळतीलच असं नाही. डिझेल मात्र पाच मिनिटांत भरतं, आणि सरकारच्या तेल निधीने ते वर्षानुवर्षं स्वस्त ठेवलं. 2024 च्या उत्तरार्धात लिटरला 33 बाटवर रोखून धरलेलं. एका हाताने विजेच्या गाडीला अनुदान आणि दुसऱ्या हाताने डिझेलला आधार. शेतकऱ्याने दुसरा हात धरला तर त्याला दोष देता येत नाही.

शिवाय कर्ज. थाई कुटुंबांवरचं कर्ज देशाच्या जीडीपीच्या 90 टक्क्यांच्या घरात पोचलं, बँका सावध झाल्या, पिकअपचे कर्जाचे अर्ज नाकारले जाऊ लागले. 2024 मध्ये देशातली एकूण गाड्यांची विक्री 15 वर्षांतल्या नीचांकाला गेली, आणि त्यात सर्वांत मोठा फटका पिकअपला बसला. डिझेलच्या पिकअपलाच हप्ता बसत नाही तिथे त्याहून महाग विजेची पिकअप कोण देणार?

(दृश्य : गावातलं गॅरेज. मेकॅनिकचे तेलकट हात, उघडलेलं इंजिन.)

मोटारसायकलचं गणितही बघू. होंडा वेव्ह लिटरला 60 किलोमीटर आरामात देते. विजेची स्कूटर घेतली तर शंभर किलोमीटरमागे वाचतात 45 बाटच्या आसपास. महिन्याला सहाशे किलोमीटर चालवणाऱ्याचे 270 बाट. चांगले आहेत, पण वेव्हला साइडकार जोडून त्यावर अख्खं भजीचं दुकान थाटता येतं, आणि ती बिघडली तर या गॅरेजमध्ये तासाभरात चालू होते. विजेच्या गाडीचा कंट्रोलर गेला तर हाच मेकॅनिक हात वर करतो. त्याला शिकवणारं, सुटे भाग पाठवणारं कुणी प्रांताच्या गावी बसलेलं नाही.

सुट्या भागांची भीती खरी आहे. नेटा या चिनी ब्रँडच्या स्वस्त गाड्या थायलंडमध्ये भरपूर खपल्या. 2025 मध्ये चीनमधली तिची मूळ कंपनी होझोन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बँकॉकमधला मालक निदान दुसरं वर्कशॉप शोधेल. ईसानमधल्या सिसाकेतच्या खेड्यातल्या माणसाने काय करायचं?

(दृश्य : माए होंग सोनचा घाट. धुकं, वळणावर वळण.)

उत्तरेचा डोंगर वेगळा. चिआंग माईहून माए होंग सोनला जाऊन येणाऱ्या वाटेवर 1,864 वळणं मोजतात. चढावर ईव्ही भराभर वीज खाते, उतारावर ब्रेकमधून थोडी परत कमावते, आणि घाटात तिची ओढ डिझेलपेक्षा मोकळी वाटते. पण जंगलातून आलेली वीजवाहिनी पावसाळ्यात झाड पडून तुटते. वीज उत्पादन मंडळाने तिथे सौर प्रकल्पाबरोबर 4 मेगावॅटची बॅटरी बसवली ती त्यासाठीच.

ईसानमध्ये सूर्य भरपूर. छपरावर सोलर बसवणाऱ्या घराकडून सरकार उरलेली वीज 2.20 बाटने घेते, आणि तेच घर रात्री 4 बाटने विकत घेतं. दिवसा घरी उभी राहणारी गाडी असेल तर ती वीज विकण्यापेक्षा गाडीत घालणं केव्हाही फायद्याचं. शिक्षिका, आरोग्य केंद्रातली परिचारिका, पीईएचा स्वतःचा वायरमन : गावातल्या अशा नोकरदारांच्या दारात ईव्ही आधी दिसेल, कारण त्यांना कर्ज मिळतं.

शेतकऱ्याचं काय? पिकअपच्या कर्जाला सरकारी हमी देण्याची योजना 2025 मध्ये सुरू झाली. सध्याच्या ईव्ही अनुदानाची मुदत 2027 मध्ये संपते. त्यापुढचा पैसा बँकॉकमधल्या आणखी एका हॅचबॅकवर न घालता त्यातला वाटा खांबावरच्या 5 अँपिअरच्या मीटरवर, शेतातून घरापर्यंत गेलेल्या त्या बारीक वायरीवर आणि गावच्या मेकॅनिकच्या प्रशिक्षणावर घालावा. पिकअप कारखान्यातून बाहेर पडू लागली आहे. तिच्यासाठी दारातली वीज तयार ठेवायला अजून वेळ आहे.