गुरुवारी गणपती दूध प्याला

(दृश्य: साताऱ्यातल्या एका जुन्या घराचं देवघर. ताम्हनात लिंबाएवढा पितळी गणपती.)

२१ सप्टेंबर १९९५. वार गुरुवार. पितृपक्ष चालू. अनंत चतुर्दशीला ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून बाप्पाला निरोप दिला, त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. लवकर या म्हणजे इतक्या लवकर, आणि तेही दूध मागायला, असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात नव्हतं.

झालं असं, की पहाटे दिल्लीतल्या एका देवळात कुणीतरी गणपतीच्या सोंडेला दुधाचा चमचा लावला आणि चमचा रिकामा झाला. दुपारपर्यंत देशभर देवळांपुढे रांगा.

(दृश्य: एसटीडी बूथची पिवळी पाटी.)

आता ही बातमी पळाली कशी ते बघा. भारतात मोबाइलवरचा पहिला फोन झाला ३१ जुलैला, म्हणजे दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. इंटरनेट लोकांना खुलं झालं १५ ऑगस्टला. आमच्या पेठेला यातलं काही शिवलेलं नव्हतं. होता तो बाहेरगावी फोन लावायचा एसटीडी बूथ. काचेचं दार, आत गुदमरायला होणारी खुर्ची आणि डोळ्यांपुढे पळणारे लाल आकडे. एरवी माणसं दर उतरायची वाट बघत रात्रीपर्यंत थांबायची. घरात नातू जन्मला तरी ‘रात्री कळवू’ म्हणायची. त्या दिवशी मात्र भर दुपारी, पूर्ण दराने फोन! सातारकर श्रद्धेपोटी किती पैसे मोजू शकतो, त्याचा याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

आमच्याकडे बातमी आली ती भिंतीवरून. फोन शेजारच्या काकूंकडे. त्यांनी परसातून हाक मारली, “अहो आजी, पुण्याहून फोन होता! गणपती दूध पितोय! तुमचा पितोय का बघा!”

आणि घरात आजोबांचं श्राद्ध. खिरीसाठी दोन लिटर दूध चुलीशेजारी ठेवलेलं.

आजीने हात धुतले, देवघरातला गणपती ताम्हनात घेतला, आंघोळ घातली आणि चमचा काठोकाठ भरून सोंडेला टेकवला. आम्ही सगळे श्वास रोखून. चमच्यातलं दूध कडेशी थरथरलं आणि बघता बघता ओसरलं. आजीच्या डोळ्यांत पाणी. दुसरा चमचा. तिसरा. मग आई, मग दोन्ही काकू, मग भिंतीपलीकडच्या काकू स्वतःचं भांडं घेऊन. मीही पाजलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

काका हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. ते बराच वेळ नुसते बघत होते. मग खाली वाकले आणि ताम्हन थोडं कलतं केलं. तळाशी पांढरं तळं.

“आई, हे बघ. प्यायलेलं सगळं इथं आहे.”

“ते तीर्थ आहे,” आजी म्हणाली.

(दृश्य: पाटा-वरवंटा, जवळून.)

काका काही न बोलता स्वयंपाकघरात गेले, पाट्यावरचा वरवंटा धुऊन आणला, उभा धरला आणि ओल्या टोकाला चमचा टेकवला. वरवंटा दूध प्याला. चांगला घटाघटा प्याला. काकांचा चेहरा असा फुलला, जणू दहावीच्या अख्ख्या वर्गाला शास्त्रात पैकीच्या पैकी पडले.

आजीने एकदा वरवंट्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

“बारशाला त्याला गोप्या करून पाळण्यात घालतो ना? मग दूध पिणार नाही तर काय चहा पिणार?”

यावर शास्त्राकडे उत्तर नाही. निदान आमच्या काकांकडे नव्हतं.

दिल्लीत मात्र होतं. सरकारच्या विज्ञान खात्याचे शास्त्रज्ञ देवळात गेले आणि त्यांनी दुधात रंग मिसळून तो चमचा मूर्तीला लावला. आत जातंय असं वाटणारं दूध रंगीत ओघळ होऊन अंगावरून खाली उतरताना दिसलं. काठोकाठ भरलेल्या चमच्यात दुधाला थोडी फुगवटी येते, ती पृष्ठताणामुळे. ती फुगवटी ओल्या दगडाला किंवा धातूला टेकली की दूध तिकडे चिकटतं आणि पातळ पापुद्रा होऊन खाली घसरतं. एक थेंब निघाला की मागचे त्याच्या मागे. पांढऱ्या संगमरवरावर तर ते दिसतही नाही.

आणि गंमत म्हणजे हा सगळा प्रकार साताऱ्यातही चालला होता. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात! भारताकडून कबड्डी खेळलेला हा माणूस १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समिती चालवत गावोगाव नेमकं हेच सांगत फिरत होता.

तिकडे लंडनच्या साउथॉलमध्येही रांगा लागल्या. दिल्लीत दुधाचा खप तीस टक्क्यांहून जास्त वाढल्याच्या बातम्या आल्या. मला मात्र त्या दिवशी एकच काळजी लागून राहिली होती: वाईचा ढोल्या गणपती.

(दृश्य: वाईचा घाट, देवळाची मागची बाजू.)

१७६२ साली सरदार रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ. कृष्णेच्या पुराचं पाणी दोन्ही अंगांनी फाटून जावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केलेली. आत बसलेला बाप्पा नावाप्रमाणे ढोल्या. तो जर मनापासून प्यायला लागला असता, तर त्या दिवाळीला साताऱ्यात कंदी पेढ्याचं दर्शनसुद्धा झालं नसतं.

इकडे आमच्या घरी दुपारचे दोन वाजले. दोन लिटरांतलं अर्धा लिटर उरलेलं. खीर झाली, पण आत शितं जास्त आणि दूध नावाला. गच्चीवर पान ठेवलं. कावळा काही येईना. काका हात जोडून उभे. आजी पुटपुटली, “यांना पातळ खीरच आवडायची.”

तेवढ्यात खालून आईची हाक आली. आजीने ताम्हनातलं तीर्थ तुळशीत ओतलं होतं. कट्ट्यावरून ओघळून ते परसातल्या फरशीवर साचलं होतं, आणि तीन कावळे मान तिरकी करून ते पीत होते.