अलिबागची सायकल सहल : आधी तिथी, मग किलोमीटर

(ठाण्यात सायकल सहलींचं नेतृत्व करू इच्छिणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, रविवारची सकाळ मोडून आलात, तेव्हा प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. ठाण्यातल्या ठाण्यात सहल काढणं सोपं आहे. मासुंदा तलाव, कौपीनेश्वर, तलावाजवळचं जुनं चर्च, १८७९चं सिनेगॉग आणि पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला किल्ला, ज्याचं पुढे कारागृह झालं. कोणी दमलंच तर रिक्षा हाताशी आहे. खरा कस लागतो तो दिवसभराच्या सहलीत, तीही समुद्राकाठी. म्हणून आज एकच मार्ग घेतो: मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं, म्हणजे गाड्या-सायकली थेट चढवता येणाऱ्या बोटीनं, मांडवा, तिथून अलिबाग, अक्षी, नागाव आणि परत.

लोक पहिल्यांदा विचारतात, किलोमीटर किती? मी आधी तिथी बघतो. कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात उभा आहे आणि तिथं चालत जायचं तर ओहोटीच हवी. आपल्या किनाऱ्यावर भरती काढायची सोपी रीत आहे. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. षष्ठी असेल तर सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. दुपारी साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, म्हणजे सहा तास आधी, साडेदहाला, पूर्ण ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पहिल्या बोटींपैकी एक पकडून मांडव्याला उतरलात, वीसेक किलोमीटर निवांत चालवलीत, की साडेदहाच्या आधी किनाऱ्यावर पोचता.

आता यातली मेख. मग अष्टमी का नको? अष्टमीला ओहोटी भर बारा वाजता येते, कागदावर ती जास्तच सोयीची दिसते. पण अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी, त्यामुळे वाटेत गुडघाभर पाणी उरू शकतं. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी लांबवर हटतं खरं, पण ओहोटी येते सकाळ-संध्याकाळी सहाला. तेव्हा ना बोट ना उजेड. म्हणून पंचमी-षष्ठी धरा, छापील भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहा आणि त्या तिथीला जो वार येईल तो घ्या. वार आधी ठरवून तिथी शोधणाऱ्यांना किल्ला किनाऱ्यावरूनच बघावा लागतो. आणि निघायचं पाणी उतरत असताना, परतायचं ते वळायच्या सुमाराला. ‘अजून पाच मिनिटं, एक फोटो’ म्हणणारा प्रत्येक गटात असतो. त्याला तुमच्या शेजारी चालवा.

सायकली किल्ल्याकडे न्यायच्या नाहीत. ओली वाळू आणि खारं पाणी चेनमध्ये गेलं की परतीच्या वाटेवर सगळ्यांची करकर ऐकत यावं लागतं. एक जण सायकलींपाशी थांबेल, आणि तो कोण हे बोटीवरच ठरवा.

किल्ल्यात शिरण्याआधी गटाला तटाशी उभं करा. शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि संभाजी महाराजांनी ते पूर्ण केलं, एवढं एका वाक्यात सांगा आणि लोकांना चिऱ्यांच्या सांध्यात हात घालायला लावा. चुना लागत नाही. मोठाले दगड नुसते एकावर एक रचलेत. लाट आदळते, पाणी फटींमध्ये शिरतं, जोर तिथंच मोडतो. ज्याचा हात मनगटापर्यंत त्या फटीत गेला, त्याला हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या या कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले, ही गोष्ट इथं उभं राहून सांगितली तर रंगते. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, गणपतीचं देऊळ आहे. तिथं तुम्ही बोलू नका. लोकांना फिरू द्या.

पुढे अक्षी. बहुतेक सहली इथून घंटी वाजवत निघून जातात, याचा मला राग येतो. इथला शिलालेख शके ९३४चा, म्हणजे इ.स. १०१२चा मानला जातो. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक. वर चंद्र-सूर्य कोरलेत, म्हणजे ते असेतोवर हे दान टिकावं. लेखात शिलाहार राजा केशीदेवाचं नाव आहे आणि त्याला ‘पश्चिम समुद्राचा अधिपती’ म्हटलंय. या शिलाहारांची राजधानी कुठली? आपलं ठाणं. ठाण्याहून बोटीनं आणि सायकलनं आलेल्या माणसाला त्या दगडापाशी हे सांगून बघा.

जेवण नागावला, नारळी-पोफळीच्या वाडीत. किती ताटं ते सकाळीच फोन करून सांगा, नाहीतर वीस जणांचे मासे तळून होईपर्यंत तुमचा तास गेला. जेवल्यावर कोणीतरी हमखास म्हणणार, ‘रेवदंडा आता जवळच आहे की!’ आहेच, नऊ-दहा किलोमीटर. पोर्तुगीज तटबंदी, पलीकडे कोर्लईचा किल्ला, मोह होतोच. पण मिश्र गट असेल तर रेवदंडा गाळा. कारण वारा. सकाळी तो जाणवतही नाही, पण हिवाळा-उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि मांडव्याकडे जाताना तुमचं तोंड उत्तरेकडे असतं. सकाळी दीड तासात कापलेल्या वाटेला आता दोन तास धरा. बोटीची वेळ कोणासाठी पुढे जात नाही. वेग ठरवायचा शेवटच्या माणसाच्या पायांवरून, आणि त्याच्या मागे तुमचा एक पक्का साथीदार हवा, पंप, ट्यूब आणि पॅच किटसकट. पुढचा जोरात गेला म्हणून गट लवकर पोचत नसतो.

एकानं चिठ्ठी पाठवलीय, पावसाळ्यात काढता येईल का. नाही. पावसाळ्यात किल्ल्याकडे पायी जाणं धोक्याचं, लाँच बंद असतात आणि रो-रोचंही हवामानावर अवलंबून. त्या महिन्यांत आधी म्हटलेली ठाण्यातली सहल काढा, रेनकोट घालून, सकाळी सातला. नवे साथीदार तयार करायला तीच बरी.