तापलेली प्लेट थांबवायची कशी?

(दृश्य: हिरव्या बोर्डावर करड्या पेस्टचे ठिपके, चिमट्याने एकेक पार्ट ठेवला जातोय.)

ही सोल्डर पेस्ट, पार्ट बोर्डाला जोडणारी. ६३ टक्के कथिल, ३७ टक्के शिसं, त्यांचे बारीक गोळे फ्लक्समध्ये, म्हणजे धातूचा पृष्ठभाग साफ करणाऱ्या चिकट पदार्थात, कालवलेले. हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. घरच्या रिफ्लोमध्ये, म्हणजे पेस्ट वितळवून पार्ट जोडताना, खालून हॉटप्लेट (विजेची शेगडी) तापवून अख्खा बोर्ड या आकड्याच्या थोडा पुढे न्यायचा आणि पार्ट भाजायच्या आत मागे आणायचा.

पुढे नेणं सोपं आहे. अडतं ते थांबवताना.

(दृश्य: उघडी शेगडी, आतली कॉइल.)

शेगडीतला थर्मोस्टॅट म्हणजे दोन धातूंची पट्टी. स्वयंपाकाला ठीक, इथे फारच ढोबळ. म्हणून त्याच्याऐवजी तापमान मोजणारा के-टाइप थर्मोकपल लावतात. अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देणारी ही तार. मॅक्स६६७५ चिप त्याचे आकडे करते, अर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड ते वाचतो आणि सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, शेगडीची कॉइल चालू-बंद करतो. दोन सेकंदांतले ०.६ सेकंद चालू, म्हणजे ३० टक्के ताकद.

पण गॅस बंद केल्यावरही तवा भाकरी भाजतच राहतो ना, तसंच इथे. कॉइलमधली उष्णता प्लेटमध्ये येतच राहते, आकडा चढतच जातो. कंट्रोलर तापवू शकतो, थंड करू शकत नाही! कंट्रोलर पीआयडी पद्धतीने चालतो: लक्ष्य आणि प्रत्यक्ष तापमान यांतली चूक बघून ताकद ठरवतो. म्हणून त्यातला 'डी' महत्त्वाचा: चढण्याचा वेग बघून तो आधीच हात आखडता घेतो. 'आय' मात्र लांबच्या चढणीत चूक साठवत बसतो आणि शेवटी प्लेटला पुढे ढकलतो. त्याला लक्ष्य जवळ येईपर्यंत गप्प बसवलेलं बरं.

(दृश्य: स्क्रीनवर आलेख.)

१५० अंशांच्या आसपास दीड-एक मिनिट मुक्काम. फ्लक्स कामाला लागतो, बोर्ड सगळीकडे सारखा तापतो. मग २१०-२१५ पर्यंत चढण. १८३ च्या वर साधारण मिनिटभर, बस्स. उतरताना पंखा लावायचा. सोल्डर पातळ असताना बोर्डाला धक्का नको, पार्ट सरकतात.

थर्मोकपल प्लेटचं तापमान सांगतो, बोर्डाचं नाही. एखाद्या भंगार बोर्डावर उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने दुसरा थर्मोकपल चिकटवा. दोन आकड्यांतलं अंतर लगेच दिसेल.

(दृश्य: रिले आणि वायरिंग.)

आणि हा रिले बिघडतो तेव्हा बहुतेकदा 'चालू' स्थितीतच अडकतो. मग प्रोग्राम कितीही चांगला असो, प्लेट तापतच राहते. त्यामुळे कॉइलच्या वाटेत थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) आणि धातूच्या सांगाड्याला अर्थिंग, हे आधी. कोड नंतर.