उमानिस्ता कोणाला म्हणत?

इटलीतल्या प्रबोधनाबद्दल मराठीत बोलायला उभं राहिलं की पहिली ठेच ‘मानवतावाद’ या शब्दालाच लागते. तो कानावर पडला की आपल्याला मानवेंद्रनाथ रॉय आठवतात, तर्कतीर्थ आठवतात. माणसाला केंद्रस्थानी ठेवणारी विचारसरणी, असा अर्थ आपण गृहीत धरतो आणि तोच घेऊन पेत्रार्काकडे, म्हणजे चौदाव्या शतकातल्या त्या इटालियन कवीकडे जातो. तिथं भेटतो तो संत ऑगस्टिनचा ग्रंथ जवळ बाळगणारा श्रद्धाळू ख्रिस्ती. मी कितीतरी वर्षं या विसंगतीशी झगडलो. ती सुटली प्रबोधनाचे अभ्यासक पॉल ऑस्कर क्रिस्टेलर वाचल्यावर.

क्रिस्टेलर १९०५ साली बर्लिनमध्ये ज्यू कुटुंबात जन्मले. हायडलबर्गला त्यांनी प्राचीन तत्त्वज्ञ प्लोटिनसवर प्रबंध लिहिला, मग बर्लिनला ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या पाठचिकित्सेचे धडे घेतले. (महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आपले वि. सी. सुखटणकर हेही बर्लिनचेच डॉक्टर, क्रिस्टेलरांच्या थोडे आधीचे.) पुढे फ्रायबुर्गला तत्त्वज्ञ हायडेगरकडे मार्सिलिओ फिचिनो या पंधराव्या शतकातल्या फ्लोरेन्सच्या तत्त्वज्ञावरचं काम सुरू झालं आणि १९३३ उजाडलं, हिटलर सत्तेवर आला. ज्यू माणसाला जर्मन विद्यापीठात जागा उरली नाही. ते इटलीत गेले, पिसाच्या स्कुओला नोर्माले या उच्चशिक्षण संस्थेत जर्मन शिकवू लागले आणि तिथल्या ग्रंथालयांत हस्तलिखितं धुंडाळू लागले. फिचिनोचं विखुरलेलं, अप्रकाशित लेखन १९३७ मध्ये त्यांनी दोन खंडांत आणलं. पुढच्याच वर्षी मुसोलिनीचे वंशभेदी कायदे आले. ही नोकरीही गेली. १९३९ मध्ये अमेरिका गाठली आणि न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते कायमचे स्थिरावले.

आता त्यांचं म्हणणं पाहा. ‘ह्युमॅनिझम’ हा शब्दच मुळी १८०८ चा. नीटहामर या जर्मन शिक्षणतज्ज्ञानं शाळांमधल्या ग्रीक-लॅटिन अभ्यासाची बाजू मांडताना तो वापरला. पंधराव्या शतकात प्रचारात होता तो ‘उमानिस्ता’. विद्यापीठात कायदा शिकवणारा तो ‘जुरिस्ता’, तसा हा ‘उमानिस्ता’. आपल्या पाठशाळेत नैयायिक, मीमांसक, वैयाकरण म्हणत, अगदी तसंच. त्यावरून माणसाचा विषय कळतो, मत कळत नाही. उमानिस्ताचे विषय पाच: व्याकरण, वक्तृत्वशास्त्र, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र. तर्कशास्त्र, वैद्यक, ईश्वरशास्त्र ही इतरांची क्षेत्रं. म्हणजे अॅरिस्टॉटल शिकवणारे आणि रोमन वक्ता सिसेरो शिकवणारे एकाच विद्यापीठात शेजारी-शेजारी नांदत होते. एकानं दुसऱ्याला हुसकून लावलं, ही आपण शाळेत शिकलेली गोष्ट कागदपत्रांत टिकत नाही.

मग ही माणसं आली कुठून? क्रिस्टेलर म्हणतात, चिटणिशीतून. शब्द अर्थातच माझा. मध्ययुगीन इटलीत नगरराज्यांची पत्रं लिहिणारे व्यावसायिक लेखक होते. कोणाला कोणता मायना, विनंती कुठे, समारोप कसा, हे शिकवणारी पुस्तकं होती, आपल्याकडच्या मेस्तकांसारखी. कोलुच्चो सालुताती १३७५ पासून १४०६ मध्ये मरेपर्यंत फ्लोरेन्सचा चॅन्सेलर, म्हणजे मुख्य चिटणीस होता, म्हणजे याच परंपरेतला. फरक एवढाच, की या पिढ्यांना चांगली लॅटिन हवी होती, आणि ती सिसेरोकडे होती. पेत्रार्काला १३४५ मध्ये व्हेरोनात सिसेरोची अॅटिकस या मित्राला लिहिलेली पत्रं सापडली, तेव्हा त्यानं चौदाशे वर्षांपूर्वी वारलेल्या सिसेरोला उत्तर लिहिलं!

इथं इटालियन इतिहासकार एउजेनिओ गारिन यांचा मतभेद आहे आणि तो हलका नाही. या लोकांनी जगाकडे पाहण्याची नवी दृष्टी दिली, तेच त्यांचं तत्त्वज्ञान, असं गारिन मानतात. मला क्रिस्टेलरांची व्याख्या अधिक पटते, पण लोरेन्झो वाल्ला या पंधराव्या शतकातल्या उमानिस्तापाशी मीही थबकतो. सम्राट कॉन्स्टंटाइननं पश्चिमेचं राज्य पोपला दिलं, असं सांगणारं दानपत्र वाल्लानं १४४० मध्ये बनावट ठरवलं. चौथ्या शतकातल्या रोमन सम्राटाच्या तोंडी ‘सत्रप’, म्हणजे इराणी सुभेदार, कसे, असं त्यानं विचारलं. तेव्हा तो पोपशी भांडणाऱ्या अॅरागॉनच्या राजा अल्फोन्सोच्या पदरी होता, हे खरं. पण हत्यार व्याकरणाचंच होतं.

क्रिस्टेलरांना हे एवढ्या खात्रीनं सांगता आलं, कारण त्यांनी केवळ दहा-बारा थोर नावं वाचली नव्हती. ग्रंथालयांत जाऊन, छापील सूची नसेल तिथं हातानं लिहिलेल्या याद्या उतरवून घेत त्यांनी हजारो नोंदी केल्या. त्यातून ‘इटेर इटालिकुम’ (इटलीचा प्रवास) या हस्तलिखितांच्या सूचीचा पहिला खंड १९६३ मध्ये आला, सहावा १९९२ मध्ये. पहिला उघडा: सिसिलीतल्या आग्रिजेन्तोपासून सुरुवात, नोवारापर्यंत गावांमागून गावं. प्रत्येक गावाखाली ग्रंथालय, कपाटाचा क्रमांक, पानांचे आकडे. पुढे एखाद्या विस्मृत शिक्षकाचं भाषण, कुणाच्या लग्नातलं, कुणाच्या अंत्यविधीतलं, वर्ग सुरू करतानाचं. या पानापानांत भेटतो तो उमानिस्ता.